डॉ. रखमाबाई आणि दवाखान्याची भीती

तुमच्या घरात अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांचं एखादं पाकीट असेलच. का सोडल्या, असं विचारलं की पुष्कळदा औषधाची तक्रार नसतेच. गर्दी होती, डॉक्टरांनी मान वर करून बघितलं नाही, काय झालंय ते कुणी समजावलं नाही, विचारायला संकोच वाटला, अशी कारणं निघतात. ओपीडीवरून एकदा मन उडालं की पुढची तारीख चुकते आणि मागोमाग गोळ्याही सुटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी सुरतेत एका मराठी डॉक्टर बाईंना याहून अवघड अडचण आली होती. दवाखाना होता, डॉक्टर होत्या, पण बायका यायलाच तयार नव्हत्या.

त्या डॉ. रखमाबाई. जन्म 22 नोव्हेंबर 1864, मुंबई. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, पण त्या आईकडेच राहिल्या. आईचं नाव जयंतीबाई. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः डॉक्टर, त्यामुळे घरात पुस्तकं होती, शिकण्याला विरोध नव्हता. बायकोने नांदायला यावं म्हणून दादाजींनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो अपिलात टिकला नाही. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हा खटला तुम्ही ऐकला असेल. त्यांचं नाव निघालं की बहुतेक लोक इथेच थांबतात, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग यानंतरचा आहे.

1889 मध्ये त्या लंडनला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1895 मध्ये सुरतच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. त्या काळी बाळंतपण घरातच, सुईणीच्या हातून व्हायचं. दवाखाना म्हणजे माणूस मरायला नेतात ती जागा, असा समज पक्का होता. रखमाबाईंनी काय केलं, त्याची एक गोष्ट सांगतात. त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली आणि तिचं बाळंतपण तिथे केलं. शेळी आणि करडं सुखरूप आहेत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि हळूहळू बायका येऊ लागल्या.

मला या गोष्टीत शेळीपेक्षा डॉक्टर बाईंचं वागणं महत्त्वाचं वाटतं. बायका अडाणी आहेत, ऐकत नाहीत, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी भीती खरी मानली आणि ती घालवणं हे आपलंच काम धरलं. दोन दशकांहून जास्त काळ त्या सुरतेत टिकल्या, त्यात प्लेगची वर्षंही आली.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे या. इथे औषध तुटतं ते बऱ्याचदा दिवाळीच्या सुमारास. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता निघतो, आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या फडावर. बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या दिलेल्या असतात. त्या संपल्या की संपल्या, कारण बीपी दुखत नाही. टीबीचं तसंच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस म्हणतो बरा झालो. साधारण टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो. मधेच सोडला तर आजार उलटतो आणि त्याच गोळ्यांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो. मग उपचार अवघड होतात आणि घरातल्यांनाही तोच टीबी लागण्याची भीती राहते.

अशा पेशंटला नुसतं रागावलं तर तो पुढच्या वेळी येतच नाही, किंवा येतो आणि गोळ्या चालू आहेत असं खोटं सांगतो. डॉक्टर मग चालू औषधाने बीपी उतरत नाही असं समजून डोस वाढवतो, आणि घोळ होतो. म्हणून गोळ्या सुटल्या असतील तर तसंच सांगा. चक्कर येते, पैसे नव्हते, रांगेत रोज बुडतो, जे असेल ते. ही माहिती डॉक्टरला केसपेपरवरच्या आकड्यांइतकीच लागते. समजलं नाही तर गोळी कशाची, किती दिवस, चुकली तर काय करायचं, हे परत विचारा. घरातलं कुणीतरी सोबत आणा.

आणि ऊसतोडीला जाणार असाल तर निघायच्या आधी ओपीडीत येऊन कारखान्याचं नाव आणि तालुका सांगा. बीपी-शुगरच्या जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा. टीबीचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि तुमची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, म्हणजे तिथल्या केंद्रावर तीच औषधं पुढे चालू राहतात. जुना केसपेपर आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नका, दोन्ही सोबत ठेवा.

रखमाबाई पुढे राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या.