अण्णाभाऊंची मैना अर्धीच का?

१ ऑगस्टला आमच्या वाशीम जिल्ह्यात अण्णाभाऊ साठेंच्या मिरवणुका निघतात आणि ‘माझी मैना गावावर राहिली’ हमखास वाजते. मात्र मैनेचे रूप आणि दागिने संपले की गाणे बदलतात. पुढचा भाग कोणाला नको आहे, असा आमचा सवाल आहे.

वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळा दीड दिवसाची. आईबापाबरोबर पायी मुंबई गाठली. गिरणीतली मजुरी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, पुढे घाटकोपरचे चिरागनगर. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले.

तमाशा ही महार-मांगांनी जगवलेली कला. ज्यांनी ती चवीने पाहिली त्यांनीच तिला हलकी ठरवली. अमेरिकेत काळ्यांच्या जॅझचेही आधी हेच झाले. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला आणि गणातला गणपती काढून तेथे मातृभूमीला व श्रमिकांना वंदन केले. छक्कड हा तमाशातला शृंगाराचा प्रकार. मैनेची सुरुवातही तशीच. ढोलकी, डफ, तुणतुणे. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उंच सुरात धरायची. मग नवरा पोटासाठी मुंबईला येतो, त्याला बेकारांची गर्दी दिसते. ठेका तोच, ऐकणारा डोलतोच आहे, आणि बघता बघता विरह बायकोचा राहत नाही. तो बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावचा होतो! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ही छक्कड मैदानोमैदानी नेली. पुढे विठ्ठल उमपांनी ती आपल्या ढंगाने गायली.

१ मे १९६० रोजी राज्य आले. पुढाऱ्यांना खुर्च्या मिळाल्या, शाहीर चिरागनगरच्या झोपडीतच राहिला.

अण्णाभाऊ कम्युनिस्ट, ते आपले नव्हेत, असे काही मंडळी अजून म्हणतात. १९५९ ची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे. ‘जग बदल घालुनी घाव’ त्यांचेच. वकिलाला याहून पक्का लेखी पुरावा कोणता हवा? मार्क्सची वाट चालताना त्यांनी भीमरावांचा हात सोडला नव्हता.

१८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, हलाखीत ते गेले. डांग-उंबरगाव गुजरातेत राहिले. बेळगाव-कारवारसाठी महाराष्ट्राला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करावा लागला. मंडळांनी कापलेला भाग तो हाच.