बालवीरांचा बिल्ला आणि लॉर्ड बेडन-पॉवेल

बाहीवर बिल्ले शिवलेला बालवीर आता आपल्या पाटण खोऱ्यातही नवखा राहिलेला नाही. मुलगा राज्य पुरस्काराच्या चाचणी-शिबिरास निघाला म्हणजे घरची मंडळी कौतुकाने शिदोरी बांधून देतात. परंतु गाठी मारण्याने आणि रानात चूल पेटविण्याने दहावीच्या परीक्षेत काय पदरात पडणार, असेही हळूच विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या घरात वह्यापुस्तकांचा पैसा काटकसरीने बाजूला ठेवावा लागतो, त्या घरास तो विचारण्याचा अधिकारही आहे. म्हणून ज्या गृहस्थाने ही बिल्ल्यांची पद्धत जगभर रूढ केली, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो. थोरांची चरित्रे सांगताना त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पसंत नाही. मुले शहाणी असतात, आणि पांघरुणाखाली काय आहे ते त्यांना लवकरच कळते.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल याचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील पाळक असून ऑक्सफर्डच्या विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. मूल तीन वर्षांचे झाले असता १८६० साली ते वारले, आणि मोठ्या कुटुंबाचा सारा भार आई हेन्रिएटा ग्रेस हिच्यावर पडला. ती मोठी धीराची बाई होती. तिने मुलांस जवळ बसवून शिकविले, आणि मोठ्या भावांच्या संगतीने हा धाकटा होडी वल्हविण्यास व उघड्यावर मुक्काम करण्यास शिकला. १८७० साली शिष्यवृत्ती मिळवून तो चार्टरहाउस नावाच्या प्रसिद्ध शाळेत गेला. तेथे त्याची गणना हुशार विद्यार्थ्यांत कधीच झाली नाही. शाळेशेजारी एक झाडी होती व तीत जाण्यास मुलांस मनाई होती. हा तेथे चोरून जाई, सशांचा माग काढी, धूर दिसणार नाही अशा बेताने विस्तव करी आणि शोधावयास आलेल्या मास्तरांपासून लपून राही. शिक्षक या नात्याने या गोष्टीचे समर्थन आम्हांस करता येत नाही. पण पुढे त्याला जे जे उपयोगी पडले, त्यातील निम्मे तो त्या झाडीतच शिकला हेही नाकबूल करता येत नाही.

ऑक्सफर्डच्या विद्यापीठाने त्याला प्रवेश दिला नाही. घरास हा मोठाच धक्का होता, कारण भाऊ विद्वान निघाले होते. पुढे १८७६ साली सैन्यातील अधिकाऱ्यांच्या जागांसाठी चढाओढीची परीक्षा झाली, तीस तो बसला. आणि सर्वांस नवल वाटावे असा घोडदळाच्या यादीत दुसरा आला. त्याच वर्षी मुंबई बंदरी उतरून तो लखनौ येथील तेराव्या हुसार पलटणीत दाखल झाला. वय अवघे १९.

येथून पुढची सुमारे तीस वर्षे बेडन-पॉवेल यांनी सैन्यात काढली. हिंदुस्थान, अफगाणिस्तानची सरहद्द, दक्षिण व पश्चिम आफ्रिका, माल्टा असा त्यांचा प्रवास झाला. लढायांचे वर्णन आम्ही करीत नाही. त्या लढाया साम्राज्याच्या होत्या आणि ज्यांचे देश जिंकले गेले त्यांच्या दृष्टीने त्यांत गौरवाचे फारसे काही नाही. १८९६ साली माटाबेले लोकांशी झालेल्या युद्धात एका शरण आलेल्या नायकास त्यांच्या हुकमाने गोळी घालण्यात आली. त्यांची चौकशी झाली. ते दोषमुक्त ठरले, पण डाग पुरता पुसला गेला असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या विषयाशी संबंध आहे तो १८९७ सालच्या गोष्टीचा. त्या वर्षी ते पाचव्या ड्रॅगून गार्ड्स पलटणीचे प्रमुख होऊन पुन्हा हिंदुस्थानात आले. शिपाई हुकमाबरहुकूम चालतात, पण हुकूम देणारा नसला की गोंधळतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी पाचसात जणांच्या लहान टोळ्या केल्या, प्रत्येकीवर एक नायक नेमला, आणि त्यांना माग काढणे, नकाशा वाचणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, एकट्याने रान तुडवून परत येणे, या गोष्टी शिकविल्या. जो शिपाई या सर्वांत कसोटीस उतरे, त्याला होकायंत्रावर उत्तर दिशा दाखविणारे जे बाणाचे टोक असते त्या आकाराचा पितळी बिल्ला मिळे. आज जगातील बालवीर ज्या चिन्हाने ओळखले जातात, त्याचा उगम असा आपल्या देशातल्या एका लष्करी छावणीत झाला. त्या बिल्ल्याबरोबर पैसा मिळत नसे. तरीही तो मिळविण्यासाठी शिपाई जीव तोडून खपत. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक तेथे नव्हते. जितके कसोटीस उतरतील तितक्यांना बिल्ला. न उतरले तर एकालाही नाही.

१८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले आणि माफेकिंग या लहानशा गावात बेडन-पॉवेल वेढले गेले. शत्रूचे बळ कित्येक पटींनी अधिक. सुरुंग म्हणून वाळूने भरलेल्या पेट्या पुरणे, नसलेल्या काटेरी तारा ओलांडल्याचे सोंग शिपायांकडून करवणे, अशा युक्त्यांनी त्यांनी २१७ दिवस गाव राखले. १७ मे १९०० रोजी वेढा उठला व इंग्लंडभर त्यांच्या नावाचा जयघोष झाला. मात्र त्या वेढ्यात गावच्या काळ्या रहिवाशांस गोऱ्यांपेक्षा कमी अन्न मिळाले आणि त्यांच्यातले पुष्कळ उपासमारीने मेले, ही गोष्ट त्या जयघोषात बुडून गेली. इतिहासकारांनी ती पुढे उजेडात आणली.

त्याच वेढ्यात गावच्या गोऱ्या मुलांचे एक पथक उभारले होते. वॉर्नर गुडइयर हा तेरा वर्षांचा मुलगा त्याचा नायक. ही मुले निरोप पोचवीत, टेहळणी करीत, दवाखान्यात मदत करीत; गोळ्या चालू असता सायकलीवरून निर्धास्त जात. जबाबदारी खरी असली म्हणजे मुले ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी येथे डोळ्यांनी पाहिले.

१९०३ साली ते इंग्लंडास परतले तेव्हा, शिपायांकरिता लिहिलेले आपले टेहळणीचे लहानसे पुस्तक शाळांतून वाचले जात आहे, हे पाहून ते चकित झाले. शिक्षिका तयार करणाऱ्या एका विद्यालयात ते अभ्यासास लावले होते! स्कॉटलंडात विल्यम स्मिथ यांनी १८८३ साली बॉइज ब्रिगेड ही ख्रिस्ती मुलांची संस्था काढली होती. तिची कवाईत पाहून, मुलांसाठी याहून मोकळे काही करता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्पसन सेटन हे मुलांस रानविद्या शिकवीत व त्यांच्याही पद्धतीत मान मिळे तो चढाओढीने नव्हे, ठरलेल्या मापास उतरल्याने. त्यांच्यापासून बेडन-पॉवेल यांनी पुष्कळ घेतले. आपले ऋण पुरेसे मानले गेले नाही, ही सेटन यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

१ ऑगस्ट १९०७ रोजी दक्षिण इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरले. काही मुले बड्या शाळांतील श्रीमंतांची, काही पूल व बोर्नमथ या गावांतील कामकऱ्यांची. शुल्क श्रीमंतांस एक पौंड, इतरांस साडेतीन शिलिंग. त्या काळच्या इंग्लंडात ही मुले एका ताटात जेवण्याचा संभव नव्हता. आपल्याकडील पंक्तिभेदाची ज्यांना माहिती आहे त्यांस याचे महत्त्व फोड करून सांगावयास नको. लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी व डोमकावळे अशा चार टोळ्या केल्या, आणि कोण कोणाचा मुलगा हे आठवडाभर कोणी विचारले नाही. पहाटे आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकले जाई. दिवसभर गाठी, माग, पोहणे, प्रथमोपचार. रात्री शेकोटीभोवती गोष्टी. बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्ड तेथे निरोप्याचे काम करी.

पुढल्या वर्षी त्यांचे बालवीरांसाठीचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघाले. मुलांनी ते विकत घेतले आणि कोणी न सांगता आपापल्या टोळ्या स्थापन केल्या. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे अकरा हजार बालवीर जमले, आणि त्यांत न बोलावता आलेल्या काही मुलीही होत्या. त्यांच्या हट्टामुळेच १९१० साली मुलींची गाइड संस्था निघाली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल सैन्यातून निवृत्त झाले. १९१२ साली त्यांचा विवाह ऑलेव्ह सोम्स या तरुणीशी झाला. दोघांचा जन्मदिवस २२ फेब्रुवारी हाच, जरी वर्षांचे अंतर ३२ होते.

आता त्या जुन्या परीक्षा कशा होत्या ते पाहू. दुसऱ्या वर्गाच्या बालवीरास दोहोंपेक्षा अधिक काड्या न वापरता उघड्यावर विस्तव पेटवून त्यावर मांस व दोन बटाटे शिजवावे लागत. होकायंत्राच्या सोळा दिशा सांगाव्या लागत. चालणे व धावणे आलटून पालटून बारा मिनिटांत एक मैल जावे लागे. आणि निदान सहा पेन्स स्वतःच्या नावे बँकेत शिल्लक असावे लागत. पहिल्या वर्गासाठी पन्नास यार्ड पोहून दाखवावयाचे, आणि एकट्याने किंवा एका सोबत्याबरोबर सात मैल जाऊन सात मैल परत यावयाचे, तेही वाटेत पाहिलेल्या गोष्टींचा अहवाल लिहून. चौदा मैल म्हणजे थोड्याफार फरकाने पाटणाहून कोयनानगरापर्यंतची चाल. कोयना व केरा यांच्या संगमाकाठी वाढलेल्या आणि दातेगडाची चढण ठाऊक असलेल्या आमच्या मुलांस ती जड नाही. अहवाल लिहिणे मात्र जड जाते, हा आमचा अनुभव आहे. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, पहिल्या वर्गाच्या उमेदवाराने स्वतः शिकवून तयार केलेला एक नवा बालवीर बरोबर आणावयाचा. शाळेच्या परीक्षेत शेजाऱ्यास सांगितले तर गुन्हा होतो. येथे न सांगितले तर उत्तीर्णच होता येत नाही!

या बिल्ल्यावर हिंदी मुलांचा हक्क मात्र सुखासुखी मान्य झाला नाही. १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांचे. हिंदी मुलांस टेहळणी शिकविली तर ती उद्या सरकारवरच उलटतील, अशी राज्यकर्त्यांस धास्ती होती. तेव्हा आपल्या लोकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. १९१३ साली शाहजहानपुरात श्रीराम वाजपेयी यांनी, पुढे मद्रासेत डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी, आणि १९१८ साली अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी मिळून. १९२१ साली बेडन-पॉवेल या देशात आले, हिंदी मुलांचे काम त्यांनी पाहिले, आणि दार उघडले. बेझंटबाईंची पथके त्यांच्या संस्थेत मिसळली; मालवीयजींची सेवासमिती मात्र वेगळीच राहिली.

इतके झाल्यावर १९३७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दिल्लीच्या मेळाव्यास ते पुन्हा आले आणि हिंदी लोकांच्या शीलाविषयी त्यांनी अनुदार उद्गार काढले. देशभर संताप झाला. पुष्कळांनी त्यांची संस्था सोडली व १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. ज्याने बिल्ला कसोटीवर द्यावा, जन्मावर देऊ नये असे जगास शिकविले, त्यानेच एका सबंध राष्ट्राची कसोटी न घेता निकाल लावावा, ही विसंगती आम्हांस फार खेदाची वाटते. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की रागावलेल्या आपल्या लोकांनी बालवीरविद्या टाकून दिली नाही. त्यांनी ती आपली केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संस्था एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, व पुढील वर्षी गाइड मुलीही तीत आल्या. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार ही तिची चढती पायरी. पूर्वी जेथे इंग्लंडच्या राजाचे नाव होते तेथे आता आपल्या राष्ट्रपतींचे आहे. पण पायरी अजूनही कसोटीनेच चढावी लागते, आणि एका गावचे दहा जण चढले म्हणून अकराव्याची जागा अडत नाही. इंग्लंडात १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या नावाने तरुणांसाठी जी पुरस्कारयोजना निघाली, तिच्यातही मुलांस एकमेकांशी झुंजविलेले नाही.

बेडन-पॉवेल यांस १९२० साली लंडनच्या पहिल्या जागतिक मेळाव्यात बालवीरांनी आपला जगन्नायक म्हणून निवडले होते, आणि १९२९ साली त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. प्रकृती ढासळल्यावर १९३८ साली ते पत्नीसह केनियातील न्येरी येथे एका लहान बंगलीत राहावयास गेले. तेथे त्यांनी चित्रे काढण्यात दिवस घालविले. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. १९७७ साली लेडी बेडन-पॉवेल वारल्या, व त्यांच्या अस्थी त्याच थडग्यात ठेवण्यात आल्या. थडग्यावरील दगडावर एक वर्तुळ व त्याच्या मध्ये एक ठिपका कोरलेला आहे. रानात माग ठेवणारा बालवीर आपण घरी परतलो हे मागून येणाऱ्यांस कळविण्यासाठी हीच खूण करतो.