पंडिता रमाबाई : कामातून दिसलेली श्रद्धा

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही वारले. पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले व पुढे ते पुण्यास नेले. मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. बाईंनी ना प्रार्थना सोडली, ना काम.

भूक म्हणजे काय, हे त्या जाणत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना आणले. केडगावच्या ‘मुक्ती’त या मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळवले.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ते दुःख सोसून भाषांतर पुरे केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले.

श्रद्धा कोणतीही असो, तिची पारख रोजच्या वागण्यात होते, हेच आम्हांला या चरित्रातून शिकावेसे वाटते.