ना ॲप, ना सेन्सर, तरी चेंडू जागेवरच: पुण्याच्या नेटमध्ये घडलेले बाळू पालवणकर

गोल्फमध्ये टीवरून मारलेला पहिला फटका सरळ कसा जावा आणि दर वेळी तसाच कसा जावा, यासाठी आज भरपूर ॲप्स आहेत. रडार किंवा कॅमेऱ्यावर चालणारे लॉन्च मॉनिटर आहेत, मनगटावरचे सेन्सर आहेत. या विषयावर लिहायचं ठरवलं, तेव्हा उदाहरण म्हणून एखादा अमेरिकन गोल्फपटू घेणं सोपं होतं. पण मी थांबलो ते पुण्यातल्या एका क्रिकेटपटूपाशी. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

गोल्फच्या लेखात गोलंदाज कशाला, असं तुम्ही म्हणाल. विचार करा, फलंदाजाला समोरून येईल त्या चेंडूला उत्तर द्यावं लागतं. टीवर उभ्या गोल्फरचं तसं नाही. चेंडू स्थिर, घाई नाही, सुरुवात आपण करायची. गोलंदाजाचंही तसंच. चेंडू त्याच्याच हातात असतो, त्यामुळे तो भरकटला तर कारण बहुतेक वेळा स्वतःच्याच हालचालीत सापडतं. आणखी एक धागा पुण्याचा आहे. आज येरवड्यात पूना क्लबच्या नावाचं गोल्फ कोर्स आहे. त्याच नावाच्या क्लबच्या क्रिकेट मैदानावर बाळूंची गोलंदाजी घडली.

आधी थोडं गणित

गोल्फचा चेंडू २०० मीटर जाणार असेल आणि सुरुवातीची दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर तो साधारण साडेतीन मीटर बाजूला पडतो. ५ अंशांनी चुकली तर जवळपास साडेसतरा मीटर, म्हणजे थेट झाडीत.

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. इथे १ अंशाची चूक म्हणजे शेवटाला ३५ सेंटिमीटरचा फरक. बाळूंच्या काळात तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी ८ इंच, म्हणजे जेमतेम २० सेंटिमीटर होती. ती ९ इंच झाली १९३१ मध्ये. म्हणजे मनगट एका अंशाने फिरलं तरी मधल्या यष्टीवर जाणारा चेंडू बाहेरून निघून जाणार. फिरकी गोलंदाजाला वर टप्पाही सांभाळायचा असतो. हे एकदा जमणं म्हणजे अचूकता. दिवसभर जमणं म्हणजे सातत्य.

चार रुपये पगार

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चांभार समाजाचं, त्या काळी अस्पृश्य मानलेलं. वडिलांची नोकरी लष्करात, त्यामुळे बाळू पुण्यात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर ते आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले आणि पगार ४ रुपये झाला. कामं तीच: रोलर, खेळपट्टीच्या रेघा, नेट बांधणं. नेटमध्ये कुणाला सराव हवा असला की गोलंदाजी.

ग्रेग म्हणजे त्यांचा सेन्सर

आता मुद्द्याची गोष्ट. लॉन्च मॉनिटर नक्की काय करतो? प्रत्येक फटक्यानंतर लगेच सांगतो की चेंडू किती वेगाने, कोणत्या कोनात, कोणत्या दिशेला गेला. सुधारणा होते ती या तात्काळ फीडबॅकमुळे. नुसते हजार चेंडू मारून होत नाही. काय चुकलं ते कळलंच नाही, तर हजार वेळा तीच चूक पक्की होते.

बाळूंना हा फीडबॅक माणसाकडून मिळाला. त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज अधिकारी खेळायचा. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेला, पट्टीचा फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा, असं सांगतात. चेंडू आखूड पडला की मागे सरून फटका, जास्त पुढे पडला की ड्राइव्ह, आणि बरोबर जागी पडला तरच बॅट बचावात खाली. प्रत्येक चेंडूचा निकाल त्याच क्षणी समोर. बाद केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा, अशीही आख्यायिका आहे. ४ रुपये पगार असलेल्या माणसाला एका बळीचे आठ आणे! आजचं कुठलं ॲप इतकं जबरदस्त नोटिफिकेशन देतं?

डावखुरी संथ फिरकी, वेगातले छोटे बदल आणि टप्प्यावरचा ताबा हे सगळं या नेटमधल्या तासांतून आलं. पण एक गोष्ट मला सारखी खटकते. इतकी वर्षं त्या नेटमध्ये असूनही बाळूंना बॅट धरायची संधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, मेहनतीची गोलंदाजी नोकराची. अर्धाच खेळ त्यांच्या वाट्याला आला आणि तेवढ्यावरच त्यांनी पुढचं सगळं उभं केलं.

परीक्षा साताऱ्यात

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि हरवू शकणारा गोलंदाज तर रोलर ओढत होता. त्याला संघात घ्यायचं की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी घेतलं. पण मैदानावर एकच चेंडू हाताळणारे खेळाडू चहाच्या वेळी वेगळे व्हायचे. बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये कपात चहा, बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना यात महत्त्वाचा आहे. बाळूंची कीर्ती आधीच पोचली होती. फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. खेळपट्टी साथ देत नसेल, तेव्हा फिरकीवाल्याच्या हातात उरतात त्या टप्पा आणि दिशा. त्या दोन्ही पक्क्या होत्या.

या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातल्या सवर्णांना जाहीरपणे सुनावल्याचं सांगितलं जातं. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत खायला-प्यायला अडचण काय, असा त्यांचा मुद्दा होता.

मुंबई, मग इंग्लंड

१८९६ च्या सुमारास प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखाना आणि रेल्वेच्या संघाकडून खेळले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. हवा वेगळी, खेळपट्ट्या वेगळ्या, फलंदाज अनोळखी, तरी आकडे घसरले नाहीत. प्रथम श्रेणीची पूर्ण कारकीर्द पाहिली तर ३३ सामन्यांत १७९ बळी. म्हणजे दर सामन्याला पाचपेक्षा जास्त. सातत्य कशाला म्हणतात, हे एवढ्या आकड्यावरून कळतं.

कर्णधारपद आणि नंतरचं राजकारण

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी रीतसर मिळालं नाही. त्यासाठी वाद झाले, भावांनी निषेध म्हणून माघारही घेतली. शेवटी १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. चेंडू कुठे पडला हे सगळ्यांना दिसत होतं. पण टाकणाऱ्याची जात आधी बघितली जात होती, आणि त्यावर कुठलीही आकडेवारी उपयोगी पडत नव्हती.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ मध्ये येरवड्यात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

गोल्फ असो की गोलंदाजी, महागडं यंत्र नसलं तरी बाळूंची पद्धत फोनवर बसवता येते.

१. फोन ट्रायपॉडवर, लक्ष्याच्या रेषेत मागे ठेवा. जागा रोज तीच ठेवा, नाहीतर कालचे आणि आजचे व्हिडिओ जुळणार नाहीत.

२. स्लो मोशन वापरा. क्लबचं टोक सेकंदाला ४० मीटर वेगाने फिरतं असं धरा. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ते १.३ मीटर पुढे गेलेलं असतं. नेमका क्षण हुकतोच. २४० फ्रेमवर हेच अंतर १७ सेंटिमीटरवर येतं.

३. सलग २० चेंडू मारा आणि प्रत्येक कुठे पडला ते लिहा. वाईट फटके गाळू नका.

४. आता नकाशा बघा. सगळे चेंडू डावीकडे पण जवळजवळ पडले असतील, तर सातत्य आहे, अचूकता नाही. आधी उभं राहण्याची दिशा तपासा. चेंडू चारी बाजूंना विखुरले असतील, तर दर वेळी हालचालच बदलते आहे. तिथे वेग कमी करून तीच हालचाल पुन्हा पुन्हा जमवा.

५. एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

६. आणि एक ग्रेग शोधा. तुमच्यापेक्षा चांगला खेळणारा, चूक झाली की लगेच दाखवून देणारा. सरावानंतर चहा प्यायला त्याच्याच शेजारी बसा. बाळूंना ते मिळालं नव्हतं.