आकडेमोडीचा तयार डबा

परवाचीच गोष्ट. माझी भाची अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते. प्रबंध द्यायला चार दिवस उरले अन् ही पोरगी अमरावतीला आमच्या घरी लॅपटॉपपुढे रडत बसलेली! कापसाच्या प्रयोगाचे आकडे तयार, पण ते तपासणारं ‘आर’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर काही चालेना. एक पॅकेज टाकलं की ते दुसरं मागायचं, दुसरं टाकलं की तिसरं. शेवटी तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, तोवर पानसे-सुखात्मे काढ.

मैत्रिणींनो, मला वाटलं हे आणखी एक सॉफ्टवेअर. निघालं पुस्तक! मग त्या सुखात्म्यांविषयी मिळेल ते वाचून काढलं.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. १९३२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली अन् संख्याशास्त्र शिकायला थेट लंडन गाठलं. १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. १९४० पासून ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत होते. तेव्हा पीक किती येणार हे बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजानं, आणेवारीत ठरायचं. सुखात्म्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी शेतं निवडून, ठरल्या मापाचा तुकडा कापून वजन करायची पद्धत रुजवली.

पण शेतीतल्या संशोधकांना गणिताची धास्ती. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत त्यांनी ते पुस्तक लिहिलं. शेतातले खरे आकडे घेऊन एकेक पायरी सोडवून दाखवलेली. पाककृतीच्या वहीसारखं, समोर ठेवा अन् करत जा.

१९५१ ते १९७० ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. पुण्याला परतल्यावर त्यांनी मांडलं, की शरीराची गरज कमीजास्त होत असते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नये. यावर मोठा वाद झाला, वि. म. दांडेकरांनी विरोध केला. मेळघाटातली लेकरं वजनकाट्यावर पाहिलेल्या मलाही हे सहज पटत नाही. पण आकडा तपासल्याशिवाय मानू नये, हे तर त्यांचंच शिकवणं. १९९७ मध्ये ते गेले.

इकडे भाचीनं रात्रभर कॅल्क्युलेटरवर पुस्तकाबरहुकूम तक्ता केला. दुसऱ्या दिवशी एका सीनियरनं सॉफ्टवेअर बसवून दिलं, पण दोन्ही उत्तरं जुळेनात! प्रयोग चार गटांत केलेला, म्हणजे तक्त्यात त्या ओळीत तीन यायला हवे. कॉम्प्युटरनं एक दाखवला. गटांचे १, २, ३, ४ हे क्रमांक त्यानं नावं न समजता मापं समजली होती. एवढं दुरुस्त केल्यावर उत्तरं तंतोतंत जुळली. नाही तर कोणतं वाण सरस, हेच चुकीचं छापून गेलं असतं अन् भोगलं असतं शेतकऱ्यानं.

तयार डबा सोयीचा खराच, बायांनो. पण आत काय शिजलंय, ते झाकण उघडून एकदा पाहावं. भाचीनं प्रबंध वेळेत दिला. पुस्तक मात्र अजून आमच्याच टेबलावर आहे.