डॉक्टर रखमाबाई

आमच्या भुसावळाजवळून वाहणारी तापी ज्या सुरतेजवळ समुद्रास मिळते, त्या शहरीं इ. स. १८९५ पासून कित्येक वर्षें एका मराठी स्त्रीनें स्त्रियांच्या रुग्णालयाचा भार वाहिला. त्या डॉक्टर रखमाबाई होत.

त्यांचा जन्म ता. २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस झाला. बालपणींच वडील निवर्तले. पुढें आई जयंतीबाई यांनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. कांहीं महिन्यांतच त्यांस ऋतु प्राप्त झाला. मुलीस ऋतु आला कीं गर्भाधानाची घाई करावयाची, अशी तेव्हांची रूढि होती. परंतु वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या सखाराम अर्जुनांनीं त्यास संमति दिली नाहीं.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हें आज सहज उमजतें. ऋतुप्राप्तीनंतरही मुलीचीं हाडें व कटिभाग वाढतच असतात. रखमाबाईंहून केवळ चार महिन्यांनीं लहान असलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं माता झाल्या. त्यांचें बाळ दहा दिवसांतच गेलें.

इ. स. १८८४ मध्यें दादाजींनीं पत्नीच्या ताब्यासाठीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ सालीं सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षीं निकाल मात्र रखमाबाईंच्या बाजूनें लागला. पुढें अपील होऊन १८८७ सालीं त्यांनीं पतीगृहीं जावें, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असें ठरलें. त्यांनीं कारावास पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ सालीं २,००० रुपयांवर तडजोड झाली. नंतर त्या लंडनला गेल्या व १८९४ सालीं डॉक्टर झाल्या. सुरतेस व पुढें राजकोटास त्यांनीं स्त्रियांची सेवा केली आणि ९० वर्षांचें आयुष्य भोगून १९५५ सालीं त्या निवर्तल्या.

१८९१ च्या कायद्यानें संमतिवय १० वरून १२ झालें. आज मुलीच्या लग्नाचें वय १८ आहे. कायदा पुष्कळ पुढें आला, पण लज्जा अद्यापि घरोघरीं उरली आहे. पाळीचें नियंत्रण मेंदूकडून होतें. म्हणून सततची चिंता, जागरण व अर्धपोट राहणें यांनीं ती बिघडूं शकते. असह्य वेदना अथवा अतिस्राव होत असेल, तर आमच्या भगिनींनीं तें मुकाट्यानें सोसूं नये. आईस सांगावें, डॉक्टरांस दाखवावें. आपल्या शरीराविषयीं बोलणें हा निर्लज्जपणा नव्हे. ज्या मुलीच्या देहाचा निर्णय इतरांनीं घ्यावयाचा होता, तीच पुढें असंख्य स्त्रियांच्या देहाची काळजी वाहूं शकली, हें आम्हीं सदैव स्मरावें.