तांबड्या मातीतून हेलसिंकीच्या मॅटवर

तांबड्या मातीतली कुस्ती आणि ऑलिम्पिकमधली कुस्ती नावाने एक असल्या, तरी नियमांनी त्या दोन वेगळ्या विद्या आहेत. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करण्याला सारे महत्त्व. तेथे जांघियाची पकड चालते आणि जोड तुल्यबळ असेल तर लढत लांबतच जाते. मॅटवर घड्याळ आणि गुणांचे राज्य असते, कपड्याला हात लावणे निषिद्ध. हे अंतर कापून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

कराडलगतच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पैलवान असल्याने आखाडा घरातच होता. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला राजाश्रय आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान यांमुळे कोल्हापूर ही तोवर कुस्तीची पंढरी झाली होती. तेथे धिप्पाड मल्लांचा बोलबाला. खाशाबा मात्र अंगाने किरकोळ. त्यांचे भांडवल चपळाई आणि ढाकेसारख्या डावांवरील हुकमत हे होते. ताकदीपेक्षा चपळाईला मोल देणारी मॅटची कुस्ती त्यांच्या पिंडाला अधिक मानवली असावी.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्याने ते उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटचा फारसा सराव नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी लहान नव्हती. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शनही त्यांना याच काळात लाभले.

हेलसिंकीची वाट अधिक खडतर निघाली. प्रश्न पैशांचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर पणाला लावणारा प्राचार्य आज शोधूनही सापडणे कठीण.

१९५२ च्या जुलैमध्ये, ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमविले. त्यानंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दमछाक करणारी लढत त्यांनी गमावली. थकवा उतरण्याआधीच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याविरुद्ध त्यांना पाचारण झाले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण तसा आग्रह धरण्यास भारताचा अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. सुवर्ण इशी यांना, रौप्य मामेदबेकोव यांना आणि कांस्य खाशाबांना मिळाले.

गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी कुस्त्यांचे फड भरविले आणि आलेल्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले.

सरकारदरबारी फारशी घाई नव्हती. १९५५ मध्ये ते फौजदार म्हणून पोलीस दलात आले. सहाय्यक आयुक्तपद मिळाले ते निवृत्तीच्या तोंडावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही दीड दशकानंतर मिळाला. गोळेश्वर येथील नियोजित कुस्ती अकादमी रखडल्याने २०१७ मध्ये कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदक लिलावात काढण्याचा इरादा जाहीर केला. राज्य शासनाने २०२३ मध्ये त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला. ऑलिम्पिकमधील दुसरे वैयक्तिक पदक महाराष्ट्राला मिळाले ते नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने, २०२४ मध्ये पॅरिसला. मधे ७२ वर्षे गेली होती.